पाद्रीबाबांचा शब्द

धनी तुरुंगातून सुटले तर डोंगरावर अनवाणी येऊन ओटी भरीन, असा नवस आवडू वाघजाईला बोलली आणि थेट दरबारात गेली.

तिचा नवरा गुणाजी भोई. गुन्हा काय, तर हसला. गोव्याहून आलेले पाद्रीबाबा पालखीतून उतरले आणि महाराजांसमोर कमरेत वाकून म्हणाले, "सालेब्रोसुस." त्यांच्या लॅटिन भाषेतला हा शब्द दरबारात कुणालाच कळला नाही. पण वाकून म्हटला म्हणजे स्तुतीच, असं महाराजांनी ठरवलं. दिवाणजींना लगेच पटलं. त्यांना महाराजांचं बोलणं ऐकण्याआधीच पटायचं. पाद्रीबाबा पालखी नको म्हणून पायीच परत जाताच भालदार ललकारू लागले, "सालेब्रोसुस महाराज!" आणि ती पालखी वाहून आणणाऱ्या गुणाजीला हसू आवरलं नाही.

"का हसला तो?" महाराजांनी आवडूला विचारलं.

"त्यांना अर्थ ठाऊक आहे, महाराज."

"मग तू सांग. खोटा सांगितलास तर तूही आत. खरा सांगून माझा अपमान केलास तरी आत."

"केवढी ही मोकळीक," आवडू पदर सावरत म्हणाली. "पण हा शब्द सांगून नाही, बसून कळतो. पालखी मागवा."

पालखी निघाली. शेजारून आवडू चालत, मागून घोड्यावर दिवाणजी. महाराज लोडाला टेकून म्हणाले, "अजून काही कळलं नाही."

"सपाटीवर पाद्रीबाबाही गप्पच होते म्हणे."

घाट लागला. पहिल्याच धोंड्याला महाराजांचं डोकं दांड्यावर आपटलं. पुढच्या खाचेत पागोटं दरीत गेलं.

"अगं आई गं! थांबवा!"

"हेच ते सालेब्रोसुस, महाराज. दगडाधोंड्यांचा, हाडं खिळखिळी करणारा रस्ता. पाद्रीबाबा दर हिसक्याला तेच म्हणत होते. आणि कमरेत वाकले, कारण सरळ होता येईना."

महाराज लालबुंद झाले. "म्हणजे त्याने मला खाचखळगा म्हटलं?"

"छे हो. त्यांनी रस्त्यालाच म्हटलं. शब्द बिचारा घाटात पडला होता. तिथून उचलून आपल्या नावाला चिकटवला तो दरबाराने. जिथला तिथे ठेवा, अपमान कुणाचाच नाही."

महाराज टेंगूळ चोळत पोट धरून हसले. गुणाजीला सोडायचा हुकूम झाला, घाट दुरुस्तीचाही झाला, आणि आवडूला चांदीचे तोडे मिळाले.

"मला आधीपासूनच शंका होती, महाराज," घोड्यावरून दिवाणजी म्हणाले.

आवडूने हात जोडले. "एक विनंती, दिवाणजी. आपणही एकदा पालखीत बसा. रस्ता नीट व्हायच्या आत."