कारखान्यात झिजलेली कोपरं

जाकिटं बोलत असत तेव्हाची गोष्ट. एका शिंप्याच्या दुकानात जुन्या वैमानिकी जाकिटांच्या तीन नकला टांगल्या होत्या, तीन कारखान्यांच्या, कोपरं तिथेच घासून झिजवलेल्या. सर्वांत अस्सल कोण, यावर त्यांचं रोज भांडण चाले.

एकदा एक खरंखुरं म्हातारं जाकीट चेन बसवायला आलं. त्याचा जीव बाहेर थंडीत कुडकुडणाऱ्या मालकापाशी अडकला होता. तिघांनी त्याला निरखलं.

"आजोबा, हे टाके वाकडे."

"घाईत घातले, बाळांनो. विमान निघायचं होतं."

"आणि हे बटण भलतंच. अस्सलमध्ये असलं नसतं. नापास."

शिंप्याने चेन बसवली, आणि म्हातारं मालकाला घट्ट बिलगून निघून गेलं.

"बिचारं," पहिलं जाकीट हळहळलं. "कोपरं झिजलीत, पण नुसती वापरून."