तक्रारीवरची दुसरी सही

"मग तिच्या कानात काय होतं, गुरुजी?"

सांगलीहून मिरजेला येईपर्यंत वर्धमान उपाध्ये हाच प्रश्न चघळत होता. चपला काढता काढताच त्याने तो काझीगुरुजींसमोर टाकला.

त्याच्यापुढे बुद्धिबळाचा पट पहिल्यांदा मांडला तो याच गुरुजींनी. तेव्हा तो सात वर्षांचा होता. आता एकतिसाव्या वर्षी तीनदा राज्यविजेता झालेला, आणि चार दिवसांपूर्वी जतकडच्या एका एसटी कंडक्टरकडून हरलेला. संगीता वाघमोडे तिचं नाव. हे नाव त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

"तपासलं का तिला?" गुरुजींनी विचारलं.

"दोनदा. कान बघायला डोक्याचा स्कार्फसुद्धा सोडायला लावला."

"काय सापडलं?"

"काही नाही. तिथंच तर पाणी मुरतंय."

गुरुजींनी त्याला बसायला खूण केली.

"तिच्या अठरा चाली कॉम्प्युटरच्या चालींशी तंतोतंत जुळतात. मी घरी ताडून बघितल्या. कुणीतरी कानात सांगत असणार."

"आणि तुझ्या?"

"सोळा… पण मी रोज सहा तास कॉम्प्युटरवरच सराव करतो, गुरुजी."

"ती कशावर करते?"

"मोबाइलवर, म्हणे. गाडी स्टँडला लागली की."

"बरं…"

ते 'बरं' वर्धमानला चांगलंच झोंबलं. त्याने पिशवीतून कागद काढून गुरुजींच्या पुढ्यात ठेवला. तक्रारअर्ज होता. अशा अर्जावर दोन जुन्याजाणत्या खेळाडूंच्या सह्या लागत. एक सही त्याने केलीच होती. दुसरी पडली की चौकशी लागणार, आणि ती संपेपर्यंत संगीता वाघमोडेचं खेळणं बंद.

गुरुजींनी अर्ज सावकाश वाचला.

"राज्याच्या संघात आलीय ना ती? ती गेली, तर तिची जागा कुणाला?"

वर्धमानने अर्जाची मुडपलेली कड सरळ केली.

"वर्धमान?"

"यादीत पुढचं नाव माझंच आहे. पण त्याचा आणि याचा काही संबंध नाही."

"नसेल." गुरुजींनी अर्ज बाजूला सारला. "पट मांड. एक डाव खेळू, मग सही."

वर्धमान मनात हसला. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, दहा वर्षांत एकही स्पर्धा खेळलेला नाही. अर्ध्या तासात आटोपेल, असा त्याने हिशेब केला.

अर्धा तास झाला, आणि त्याला घाम फुटला. गुरुजींनी मान किंचित कलती केली, उजव्या कानाला बोट लावलं आणि शांतपणे आपला घोडा मारायला देऊन टाकला. खुळ्यासारखी चाल. पण घोडा मारला तर आपला राजा उघडा पडतोय, हे वर्धमानला दिसलं.

मग त्याला तो कान दिसला. कानामागे करड्या रंगाचं काहीतरी होतं.

"गुरुजी… हे नवीन दिसतंय?"

"मुलीनं आणून दिलं. त्याशिवाय काहीच ऐकू येत नाही आता. फोनला जोडलेलं असतं म्हणे."

वर्धमानची नजर खिडकीत ठेवलेल्या फोनकडे गेली. मग हात गेला. त्याने फोन उचलला, बंद केला आणि आपल्या मांडीखाली ठेवला.

ज्याने हाताला धरून प्यादं सरकवायला शिकवलं, त्याच्यासमोर.

गुरुजींनी ते पाहिलं. त्यांनी कानातलं यंत्र काढलं आणि पटावर, एका रिकाम्या घरात ठेवलं.

"खेळ," ते म्हणाले.

समोरच्या दुकानात कारागीर नव्या सतारीची तार लावत होता. एकदा वाजली… मग लागोपाठ दोनदा. वर्धमान मोजू लागला. दोनदा म्हणजे उंट? की हत्ती? गुरुजींना आता दारात ढोल वाजला असता तरी ऐकू आला नसता, हे त्याला कळत होतं. तरी तो मोजत राहिला. पटावर त्याचं लक्ष नव्हतंच. या मोजामोजीत त्याचा वजीर गेला, नवशिक्याचाही गेला नसता असा.

मग शह. आणि मात.

वर्धमानला स्वतःची लाज वाटली. इतकी, की वर बघवेना.

"चुकलं माझं," तो म्हणाला आणि अर्ज उचलायला वाकला.

त्याआधीच गुरुजींनी अर्ज ओढून घेतला. खिशातलं पेन काढून संगीता वाघमोडे या नावावर सरळ रेघ मारली. वर स्वतःचं नाव लिहिलं, दस्तगीर काझी.

"गुरुजी, नको… सही नकोय मला."

पेन चालत राहिलं. दुसऱ्या सहीच्या जागी त्यांनी त्याच वळणदार अक्षरात सही केली.

"गुरुजी, ऐका माझं…"

ऐकणार कसे? वर्धमानने घाईघाईने पटावरचं यंत्र उचललं आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरलं.

गुरुजींनी अर्जाची घडी घातली, त्याच्या खिशात सरकवली आणि ते पुढे केलेले हात हळूच मागे लोटले.

"ते राहू दे तुझ्याजवळ. तिच्याकडं काही सापडलं नव्हतं. माझ्याकडं सापडलंय. पुरावा लागेल तुला."