न भाजलेली मडकी

एकदा एक वृद्ध आचार्य आपल्या शिष्येला घेऊन कुंभाराच्या अंगणात जाऊन बसले. रक्ताचे विकार अभ्यासण्यात त्यांची हयात गेली होती. शिष्या मात्र रागाने धुमसत होती. तिच्या थोरल्या बहिणीला रक्ताचा कर्करोग झाला होता. शिष्येची अस्थिमज्जा जुळत होती, पण बहीण ती घ्यायलाच तयार नव्हती. "तुझ्या माहेरचं रक्तच नासकं," असे सासूने ऐकवले होते, आणि त्या बिचारीला ते पटले होते.

कुंभाराच्या घरची एक रीत होती. कुंभारीण "पुरे, आता भाजायला घ्या" म्हणेपर्यंत तो चाकावरून उठत नसे. आचार्य तिला हळूच म्हणाले, "माई, आज काही बोलू नका." ती पदर तोंडाला लावून गप्प बसली.

शिष्येचे पित्त खवळले. तिकडे बहीण मरणाच्या दारात, आणि यांना खेळ सुचतात!

दुपारपर्यंत अंगण कच्च्या मडक्यांनी भरून गेले. भट्टीकडे जायला पाऊल टाकण्यापुरती जागा उरली नाही. आचार्यांनी एक मडके शिष्येच्या हाती देऊन त्यात पाणी ओतले. बघता बघता त्याचा चिखल झाला.

"माती नासकी होती?"

"नाही."

"कुंभाराला कसब नाही?"

"आहे की. त्याला कोणी थांबवलंच नाही."

"हेच सांग बहिणीला," आचार्य म्हणाले. "सगळ्या पेशींत जनुकं तीच असतात. कोणतं कधी जागं व्हावं, कधी गप्प बसावं, याचं नियमन व्हावं लागतं. तिच्या मज्जेतल्या एका पेशीत ते नियमन बिघडलं. वाढवणारी जनुकं गप्प बसेनात, परिपक्व करणारी जागी होईनात. कच्च्या पेशींचीच गर्दी झाली, निरोगी रक्ताला जागा उरली नाही. बहुतेकांना हा रोग वारशानं येत नाही. मग यात माहेर कुठून आलं?"

"मग मी रागवायचं कोणावर?"

"रोगाला कान नसतात, बाळ. ज्यांना आहेत त्यांच्यावर रागव."

शिष्या तडक बहिणीच्या सासरी गेली. सासूला समोर बसवून तिने सारे ऐकवले. आवाज चढवला नाही, पण एक शब्दही गाळला नाही. सासूची मान खाली गेली. अंथरुणावरच्या बहिणीने शिष्येला जवळ बोलावले.

मग तिने विचारले, "मज्जा काढताना तुला फार दुखेल का गं?"