वाळवीचं पहिलं पान

कागद चवदार निघायचा, त्या काळची ही गोष्ट. एका वाचनालयाच्या कपाटात कुरतडी नावाची वाळवी राहायची. तीनशे कादंबऱ्या तिनं फस्त केल्या होत्या. एके दिवशी तिला वाटलं, नुसतं खात काय बसायचं? आपणही एक लिहावी!

कोऱ्या वहीत तिनं दातांनी अक्षरं कोरली. गोष्ट अशी: एक मुंगी साखरेचा दाणा घेऊन निघाली आणि पुरात सापडली. मग कुरतडीनं पानाचा कोपरा चाखला. अगदीच अळणी! थोरामोठ्यांच्या कादंबऱ्या कशा खमंग लागायच्या! तेवढ्यात भिंतीवरची म्हातारी पाल चुकचुकली. कुरतडी शरमली आणि अख्खं पान गिळून मोकळी झाली.

मग रोज हेच. मुंगी पुरात सापडायची, पाल चुकचुकायची आणि पान कुरतडीच्या पोटात जायचं.

सातव्या दिवशी कुरतडी वैतागली. "पालबाई, मला लिहिता येत नाही, हे कळलंय मला. उगाच चुकचुकू नका."

"अगं, मी हळहळतेय!" पाल म्हणाली. "मुंगीचं पुढं काय झालं ते कळायच्या आत तू पान गिळतेस. खरं सांगू? पहिल्याच दिवशी मी तुला मटकवायला आले होते. पान वाचत बसले आणि राहूनच गेलं."

कुरतडी झटकन वहीच्या आड सरकली, पण मनातून तिला गुदगुल्याही झाल्या. अळणी पान तिनं तसंच ठेवलं आणि दुसरं लिहायला घेतलं.

कादंबरी फारच लांबलीय, असं कपाटातली मंडळी म्हणतात. पण ती संपवायची घाई कुरतडीला तरी कशाला असेल?