ग्राउएनटालची उजवी गाठ

बव्हेरियाच्या डोंगरात ग्राउएनटाल नावाचे गाव आहे. तिथल्या बायका सणासुदीला डिर्नडल घालतात: घट्ट चोळी, घेरदार झगा आणि वर एप्रन. एप्रनच्या नाडीची गाठ डावीकडे असली तर मुलगी बिनलग्नाची, उजवीकडे असली तर लग्नाची, पाठीमागे असली तर विधवा. या गावात मात्र पार कंबरेत वाकलेल्या विधवांचीही गाठ उजवीकडेच. पाहुण्यांना त्याचे हसू येते आणि म्हाताऱ्या आफ्राला पाहुण्यांच्या हसण्याचा राग येतो. ती त्यांना मिठाच्या जुन्या खाणीच्या तोंडाशी नेते आणि सांगायला लागते.

फार पूर्वी ही खाण ढासळली. सात गडी आत अडकले, त्यांत वाल्बुर्गाचा नवरा काश्परही होता. तेव्हाचा दंडक असा होता म्हणे, की अडकलेल्यांच्या बायका गाठ मागे नेईपर्यंत खणणे थांबवायचे नाही. शेवटची गाठ मागे गेली की खाणीचे तोंड दगडांनी बुजवायचे. बाकीच्या बायकांनी रडतरडत गाठी मागे नेल्या. वाल्बुर्गा तेवढी अडून बसली.

डोंगर कोसळतच होता. खणायला गेलेला एक जण ठार झाला, तशी शेजारची क्रेसेंझ वाल्बुर्गाच्या दारात आली. क्रेसेंझचाही नवरा आत होता आणि आता तिचा भाऊ कुदळ घेऊन निघाला होता.

"भाऊ तरी राहू दे गं मला," ती म्हणाली.

"आतून ठोके येतात. मी ऐकलेत."

"पाणी ठिबकतंय ते. आम्हीही ऐकलंय."

वाल्बुर्गाला ते पटले नाही, पण क्रेसेंझच्या तोंडाकडे तिला बघवेना. तिने नाडी सोडून मागे नेली. गाठ मात्र तिने मारली नाही; ती क्रेसेंझलाच मारावी लागली. त्याच दिवशी भिंत रचून झाली.

पुढे बर्फ वितळले आणि पाण्याच्या लोंढ्याने ती भिंत फुटली, असे सांगतात. काश्पर आणि आणखी दोघे भिंतीलगतच सापडले. दगडांवर आतल्या बाजूने कुदळीचे घाव होते. ढिगारा उपसत ते बिचारे तोंडापर्यंत पोहोचले होते आणि तिथे गावानेच त्यांची वाट अडवली होती.

काश्परला पुरायच्या दिवशी चर्चच्या दारात, सगळ्यांदेखत, वाल्बुर्गाने गाठ उजवीकडे आणली. क्रेसेंझनेही आणली.

आजही ग्राउएनटालमध्ये नवरा गेला म्हणून बाईची गाठ हलत नाही. ती स्वतः गेली की तिला डिर्नडल घालून पुरतात, गाठ उजवीकडेच. ती गाठ मारायचा मान लेकीसुनांना नाही. ती शेजारणीने येऊन मारायची.