मोघ्यांची कोरडी गाडी

“झाली का रिकामी?”

हिरागीर बुवांनी चुलीपुढून मान वर न करता विचारलं.

सन २०१९. दिवाळी उलटून चार दिवस झाले होते. हिमाचलातल्या स्पीतीच्या खोऱ्यात रात्री भांड्यातल्या पाण्याचा दगड होऊ लागला होता. बुवा मूळचे माणदेशातले. वीस वर्षं घाटात ट्रक हाकून मग गोसावी झालेले.

दारात उभे होते पुण्याचे चारुदत्त मोघे. उभा जन्म पाणीपुरवठ्यात काढलेले इंजिनिअर. टेम्पोवर घर बांधून, त्यात टाकी, गीझर, मोरी बसवून इथवर आले होते. हिवाळाभर त्यातच राहायचं आणि बुवांचा अनुग्रह घ्यायचा, असा बेत.

बुवांनी एवढंच सांगितलं होतं, “आधी गाडीतलं पानी काढ. रातीत नळ्या फुटल्या, तर सकाळी माघारी जायचं. माझ्या खोपटात दुसऱ्याला जागा न्हाई.”

“टाकी उपसली, बुवा.”

“टाकीचं कोण इचारतंय? नळ्यांचं सांग.”

मोघे गेले. गाडीखाली आडवे होऊन सगळ्यात खालची तोटी उघडली. चार थेंब पडले. पाचवा आलाच नाही.

ते परत आले. “नळ्याही कोरड्या.”

बुवांनी भाकरी उलटली. “पानी हाय.”

“तुम्ही तर जागचे हललासुद्धा नाहीत!”

“हाय.”

“बुवा, तीस वर्षं मी अख्ख्या शहराला पाणी पाजलं...”

“मग एक गाडी आवरंना व्हय?”

मोघ्यांचे कान तापले. नामाचं विचारायला आलो, तर हा नळाचं विचारतो. की नळाच्या आडून आणखी काही विचारतोय?

ते पुन्हा गेले. उघड्या तोटीखाली तळहात धरला. कोरडा.

ऊन डोंगराआड गेलं. मोघे तिसऱ्यांदा दारात आले.

“खरं सांगा, बुवा. मला ठेवून घ्यायचंच नाही ना?”

...

बुवा उठले. कोपऱ्यातली किटली उचलली, गाडीपाशी आले आणि ती मोघ्यांच्या हाती दिली.

“खाली धर.”

मोघे गाडीखाली सरकले. बुवा आत चढले आणि मोरीतला गरम पाण्याचा नळ उघडला. सगळ्यात वरचा.

नळातून काहीच आलं नाही.

खाली मात्र घळघळ धार लागली. किटली भरली, उतू गेली, मोघ्यांच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या.

“वरून काय सोडलंत?” मोघे ओरडले.

“कायबी न्हाई.”

धार बारीक झाली. थांबली.

मोघे किटली सांभाळत बाहेर आले.

“हवा,” ते पुटपुटले. “वरून तिला आत यायला वाट हवी, तरच खालून पाणी सुटतं... मीच शिकवायचो हे पोरांना.”

बुवा गाडीतून खाली उतरले.

“मग... अनुग्रह कधी?”

बुवांनी किटली त्यांच्या हातातून घेतली.

“झाला. ही दक्षिणा पोचली.”