अर्धा राहिलेला निरोप

एका राज्यात कुमुदसेन नावाचा राजा होता. मुळातच तो मितभाषी. राणी गेल्यावर त्याची वाणी आणखी आटली. माहेरी निघालेल्या राणीला त्याने 'जाऊन ये' म्हटले होते. वाटेत नदीला पूर आला, ती परतली नाही. तेव्हापासून निघणाऱ्या प्रत्येकाला तो नुसते 'जा' म्हणे.

एके सकाळी राजकन्या मृगाक्षी होडीतून पैलतीरी कमळे आणायला निघाली.

"बाबा, येते."

"जा."

नदीकाठच्या टेकडीवर एक मांत्रिक राही. अर्धे सुटलेले शब्द तो झोळीत धरी. त्याने तो 'जा' धरला आणि पैलतीरी राजकन्येची बगळी झाली. रोज ती घराकडे उडे, अर्ध्या नदीवरून मागे फिरे.

राणीच्या वाचाळ मैनेने मांत्रिकाची ही करणी राजाला सांगितली, तशी तिला खांद्यावर घेऊन राजा टेकडी चढू लागला. वाटेत दगडी वाघ आडवा आला. मैना त्याला आपले कूळ सांगू लागली, तसा तो गुरगुरला.

"वाट दे," राजा म्हणाला. वाघ बाजूला सरला.

पुढे राक्षसी होती. तिच्याशी कित्येक वर्षांत कुणी बोलले नव्हते.

"वाट दे."

"एवढंच? मेल्या, बस तरी घटकाभर!"

मग मैना बोलत सुटली. राणीचे रुसणे, राणीचे घोरणे, राणी राजाला लाडाने काय म्हणे तेही. राक्षसी खदखदून हसली, डोळे पुसून बाजूला झाली.

"हे मला कधी सांगितलं नाहीस," राजा म्हणाला.

"तुम्ही कधी विचारलंत, महाराज?"

शिखरावर मांत्रिकाने झोळी उघडली. बगळी नदी ओलांडून आली, राजाच्या हातावर बसली.

मांत्रिक म्हणाला, "राजा, वाचाळ गरजेपलीकडे बोलतो, मितभाषी गरजेपुरते. तू गरजेच्या अलीकडेच थांबलास. आता निरोप पुरा दे. 'राहा' म्हणशील तर राहील. पण बगळीच राहील."

मैनेने चोच उघडली, मिटली. राजाने बगळीच्या पाठीवरून हात फिरवला. बोटे सोडवेनात. मग सोडली.

"जाऊन ये, बाळ."

बगळी उडाली, पैलतीरी दिसेनाशी झाली. राजा काठावर उतरून उभा राहिला. ऊन कलले. तेव्हा कुठे पलीकडून होडी निघाली.

"आले, बाबा! कमळं जरा सुकली."

त्या दिवसापासून वेशीवरचे पहारेकरी जाणाऱ्या प्रत्येकाला 'जाऊन या' म्हणू लागले. आणि संध्याकाळी राजा मैनेजवळ बसू लागला.

"राणीसाहेबांचं थोडक्यात सांगू, की पाल्हाळ लावू?"

"लाव."

मैना त्याच्याकडे पाहत राहिली.

"पाल्हाळ लाव," राजा म्हणाला. "मी बसलो आहे."